दुसरा मंगळवार

झाकणाच्या आतल्या बाजूला, आट्यांच्या तळाशी, एक पिवळी कड होती. रुंदी दोन मिलिमीटरपेक्षा थोडी कमी. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीशी झालेली. म्हणजे बाटली कलती असताना थोडं पाणी तिथे झिरपलं होतं आणि सुकलं होतं. बाटली कोल्ड्रिंकची, दीड लिटरची, लेबल सोलून काढलेली. आतलं पाणीही पिवळसर होतं, पण ते पांढऱ्या कागदासमोर धरल्यावरच कळत होतं. कड मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

ती बाटली अकरा नोव्हेंबरला, सोमवारी, दिल्लीतल्या आमच्या सरकारी प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर आली. अलका नावाची एक बाई ती पिशवीत घालून फरिदाबादच्या पलीकडून दोन बस आणि मेट्रो बदलून घेऊन आली होती. तिकडे मोटरसायकलच्या भागांना क्रोमचा मुलामा देणारा एक कारखाना आहे. कारखान्यामागे नाला, नाल्याच्या पलीकडे किशनबाग नावाची वस्ती. अलका तिथल्या अंगणवाडीत काम करते. नाल्यापासून वीस पावलांवर वस्तीचा हँडपंप आहे आणि सगळी वस्ती त्याचंच पाणी पिते.

"शनिवारी नाल्यातून भरली," ती हिंदीत म्हणाली.

मी तिला सांगितलं, की असा नमुना आम्हाला घेता येत नाही. बाटली आमची हवी, भरणारा माणूस आमचा हवा, त्यावर सही आणि वेळ हवी.

"मत लीजिए," ती म्हणाली. "बस देख लीजिए."

ती गेल्यावर मी तपासलं. क्रोमियमचं जे रूप पाण्याला पिवळं करतं, कातडी सोलवटतं आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कर्करोगाचा धोका वाढवतं, ते आम्ही मोजतो. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. बाटलीत ४.१ निघालं.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आमच्या गाडीने नेहमीप्रमाणे त्याच नाल्यातून, कारखान्यामागच्या पुलावरून नमुना आणला. त्यात ०.०५ निघालं.

तीन दिवसांत ऐंशी पट फरक. मी आधी बाटलीवर संशय घेतला, कारण ते सर्वांत सोपं होतं. पण कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखरेचा अंश राहिला असेल, तर तो या क्रोमियमचा काही भाग निकामी करतो. म्हणजे आकडा खाली यायला हवा, वर जायला नको. चूक असलीच तर ती उलट्या दिशेने होती.

बाटलीवर मी तारीख लिहिली आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिली.

या नाल्याची मोजणी मी २०१३ साली सुरू केली. दर महिन्याला एक नमुना. लॉकडाऊनचे चार महिने सोडले तर आजपर्यंत खंड नाही. सुरुवातीची पाच वर्षं आकडे दीड ते तीनच्या मध्ये हेलकावे खात होते. एप्रिल २०१८मध्ये कारखान्याने सांडपाणी शुद्ध करायचं नवं संयंत्र बसवलं. मे महिन्यापासून आकडे ०.१च्या खाली आले आणि तिथेच राहिले. २०२०च्या सप्टेंबरमध्ये मी अहवाल लिहिला: नव्या संयंत्रामुळे विषारी क्रोमियमचा विसर्ग पंचाण्णव टक्क्यांहून अधिक घटला आहे. खाली माझी सही. माझ्या नोकरीतलं बरं काम कोणतं असं कुणी विचारलं असतं, तर मी याच अहवालाचं नाव घेतलं असतं.

त्याच अहवालाच्या आधारावर किशनबागची नळयोजना थांबवली गेली. विसर्ग थांबला, जमिनीतलं पाणी हळूहळू सुधारेल, तेव्हा नळाची तातडी नाही, असा शेरा पडला. आता सात फेब्रुवारीला आढावा बैठक होती. आढावा समितीच्या अध्यक्षांच्या कार्यालयातून मसुदा तयार होऊन आला होता: घट कायम आहे, नळयोजनेची सध्या आवश्यकता नाही. सहीची जागा रिकामी होती.

नोव्हेंबर गेला. डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी ०.०६ आलं. मी सगळी रसायनं नव्याने बनवली, यंत्र तपासून घेतलं, माहीत असलेलं द्रावण मुद्दाम अनोळखी म्हणून मोजायला दिलं. सगळं बरोबर येत होतं. बाटलीतलं पाणी दुसऱ्या यंत्रावर मोजलं. तेही चारच्या आसपास. दोन्ही आकडे खरे होते आणि दोन्ही एकत्र खरे कसे असू शकतील हे मला कळत नव्हतं.

माझ्या हाताखाली देवयानी आहे. मूळची नागपूरची, पण जन्मापासून दिल्लीत. तिने बारा वर्षांचे आकडे एका आलेखावर मांडून मला दाखवले.

"मॅडम, हे बघा ना. हे एकदम असं खाली येतं. सीढीसारखं. मराठीत काय म्हणतात?"

"पायरी."

"हां, पायरी. पण नवीन प्लांट लागला की आधी थोडे दिवस गडबड असते ना? कभी जास्त, कभी कमी. मग हळूहळू सेट होतं. इथे तर एप्रिलमध्ये दोन पूर्णांक दोन, मेमध्ये सीधा शून्य पूर्णांक शून्य सात. इतका शरीफ प्लांट मी पाहिला नाही."

"चांगलं चालवत असतील."

"बिल्कुल. असतील," ती म्हणाली आणि आलेखाकडे बघत राहिली. मीही.

घरी माझा नवरा, गुणवंत, याला मी बाटलीबद्दल सांगितलं होतं. तो केंद्राच्या एका मंत्रालयात आहे, आर. के. पुरमला आम्ही एकोणीस वर्षं राहतोय. रोज ऑफिसमधून आला की चहा घेताना तो विचारायचा, "काय म्हणते बाटली?"

"काही नाही."

"दोन महिने झाले. आमच्याकडेही फाईल इतकी विचाराधीन राहत नाही."

"अहो, मला कळतच नाहीये तर मी काय लिहू?"

"कळत नाही असं लिही."

"असं अहवालात लिहीत नाहीत."

"मग आमच्याकडे ये. आम्ही त्यासाठी बारा वेगवेगळी वाक्यं ठेवलीत."

चौदा जानेवारीला महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जाते. गुणवंत दर वर्षी जातो आणि मलाही नेतो. यंदा चौदा तारीख मंगळवारी आली, महिन्यातला दुसरा. मी त्याला म्हटलं, मी नाल्यावर जाते.

"तू? तुझी माणसं जातात ना?"

"सहा वर्षं तीच जातायत. मला एकदा बघायचंय."

"बरं. तिळगूळ तरी घेऊन जा. नाल्याला दे, म्हणावं गोड बोल."

सकाळी धुकं होतं. आमचे ड्रायव्हर विश्वनाथजी कारखान्याच्या मोठ्या फाटकासमोरून गाडी काढत होते. पूर्वी, मी स्वतः जायचे तेव्हा, इथे ट्रकांमुळे वीस-वीस मिनिटं अडकून पडायला व्हायचं. आज रस्ता रिकामा होता. फाटकाशी एकच पहारेकरी, शेगडीवर हात शेकत बसलेला.

"आज धुक्यामुळे ट्रक नाहीत वाटतं," मी हिंदीत म्हणाले.

"नहीं मैडम, मंगल है ना," विश्वनाथजी म्हणाले. "मंगल को इनकी छुट्टी रहती है."

"कुणाची?"

"फैक्टरी की. इसीलिए तो आराम है. जब से आपने मंगल किया है, कभी जाम नहीं मिला. मैं तो घर में भी बोलता हूँ, मैडम ने बड़ा अच्छा दिन चुना."

त्यांनी हे कौतुकाने म्हटलं होतं. गाडी वळून मागच्या पुलाकडे गेली. नाल्यात पाणी वाहत होतं. कारखाना बंद असला तरी फरशा धुतात, टाक्या ओततात, बागेला पाणी घालतात, पाणी येतंच. ते करड्या रंगाचं, जवळजवळ नितळ होतं. सोबतच्या सहायकाने बाटली भरली, वेळ लिहिली: नऊ वाजून चाळीस मिनिटं. मला आठवलं, की मे २०१८मध्ये याच पुलावर उभं राहून मी माझ्या वहीत लिहिलं होतं, यंत्रांचा आवाज कमी. नवी यंत्रं कमी आवाज करत असतील असं मला वाटलं होतं.

पलीकडून अलका आली. तिने गाडी ओळखली होती. बोलणं हिंदीतच झालं.

"मॅडम, बाटली बघितलीत?"

"बघितली." मी तिला विचारलं, "नाला मंगळवारी असाच असतो?"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मंगल को तो साफ ही रहता है. बाकी दिन देखिए. कधी पिवळा, कधी साफ, काही ठिकाणा नाही. पण मंगळवारी पिवळा कधीच नाही."

"मग तू तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय? आम्हाला वाटलं, तुम्ही जाणूनबुजून मंगळवारी येता."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी तिला तिळगुळाची पुडी दिली. तिने ती उघडून पाहिली, काय आहे विचारलं, आणि अंगणवाडीत वाटते म्हणाली. हँडपंपावर एक मुलगी कळशी भरत होती.

परत आल्यावर मी २०१८ची नोंदवही काढली. दोन मे. माझंच अक्षर, सरळ आणि नीट: "मे महिन्यापासून नमुना दुसऱ्या गुरुवारऐवजी दुसऱ्या मंगळवारी घ्यावा." कारणाचा रकाना रिकामा होता. कुणी विचारलं नव्हतं.

कारण मला आठवत होतं. त्या वर्षी सासूबाई, अहिल्याबाई, साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, आठवड्यातून एकदा व्यायाम करून घ्यायला न्यायचं. आर. के. पुरमहून जवळ कितीतरी दवाखाने होते. पण त्यांनी कुणाच्या तरी तोंडून हिंदूराव रुग्णालयाचं नाव ऐकलं आणि हट्ट धरला.

"नाव बघ की. आपलाच कुणीतरी असणार."

"आई, तो ग्वाल्हेरहून आलेला. जाऊन दीडशे वर्षं झाली," गुणवंत म्हणाला होता.

"असू दे. नाव तर आहे ना."

शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. त्यांना तिथे गुरुवारची वेळ मिळाली आणि पुढचे पाच महिने माझा गुरुवार पूर्ण जायला लागला. रुग्णालय टेकडीवर आहे, तिथली झाडं बघून त्या खूश असायच्या. सप्टेंबरअखेर त्या काठीशिवाय चालू लागल्या आणि साताऱ्याला परत गेल्या. मंगळवार तसाच राहिला. नंतर मला बढती मिळाली, नाल्यावर मी जाईनाशी झाले. माझ्या जागी जाणाऱ्यांना दुसरा मंगळवार हा नियमच वाटला. सासूबाई २०२१मध्ये गेल्या. पाच महिन्यांसाठी बदललेला वार सहा वर्षं चालला होता आणि एप्रिल-मे २०१८च्या महिन्याभरात दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या: कारखान्याचं संयंत्र आणि माझा वार. अहवालात मी एकीचंच नाव लिहिलं होतं.

मी देवयानीला सांगितलं.

"म्हणजे प्लांट चालतच नाही, मॅडम?"

"तसं नाही म्हणता येणार. चालत असेलही."

"मग?"

"गुरुवारी नमुने घेऊ."

बैठकीचा आदला दिवस सोडला तर तीनच गुरुवार उरले होते. मी तिन्ही वेळा स्वतः गेले. सोळा जानेवारीला ३.४ आलं. मला वाटलं, आता स्पष्ट झालं. तेवीसला ०.०८ आलं. फाटकाशी ट्रक होते, यंत्रं चालू होती, पुलावर उभं राहिलं तर पायाला कंप जाणवत होता, आणि नाल्यात जवळजवळ काही नव्हतं. तीसला १.९.

तेवीसचा आकडा नसता तर मला सोपं गेलं असतं. त्या दिवशी संयंत्र नीट चाललं असेल. किंवा मुलाम्याची टाकीच बंद असेल. किंवा त्यांनी मला सोळाला पाहिलं आणि ते सावध झाले. पण मग तीसला का नाही? कारखान्याचे स्वतःचे आकडे कायम ०.१च्या खाली होते, आणि ते त्यांनी स्वतःच मोजलेले होते. संयंत्राने विसर्ग निम्मा केला, की पाव, की अजिबात केला नाही, हे तीन नमुन्यांवरून कुणालाही सांगता आलं नसतं. मी सांगितलं असतं तर ती पुन्हा २०२०ची चूक झाली असती, फक्त दुसऱ्या बाजूने.

"तेवीसचा सोडून दे," गुणवंत म्हणाला. रविवार होता, तो गच्चीवर उन्हात मटार सोलत होता. "काहीतरी गडबड झाली असेल."

"मग मी बाटलीही सोडून द्यायला हवी होती. तिच्याबद्दलही मला आधी तेच वाटलं होतं."

"मग अजून एक वर्ष घे. वेगवेगळ्या वारी जा, भरपूर आकडे जमव, मग ठासून सांग."

हेच मी स्वतःला नोव्हेंबरपासून सांगत होते. ते शास्त्राला धरूनच होतं. एका वर्षात मला चांगला आलेख मिळाला असता, त्रुटीची मर्यादा मांडता आली असती, कुणाला बोट दाखवायला जागा राहिली नसती.

"आणि त्या वर्षभर त्यांनी काय प्यायचं?" मी म्हटलं.

मटाराचा एक दाणा घरंगळत गेला, तो त्याने उचलला नाही.

"तुला त्रास देतील," तो म्हणाला. "तुझी सही आहे."

"हो."

"आणि कारण विचारलं तर? माझ्या आईचा गुडघा सांगणार?"

"विचारलं तर सांगीन."

"तिला फार वाईट वाटलं असतं, गं."

"त्यांना नाही," मी म्हटलं. "त्या म्हणाल्या असत्या, वार बदललास तर परत का नाही केलास."

तो थोडा हसला. मग आम्ही दोघांनी मिळून मटार सोलले. मी काय करणार हे त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि मलाही ते तेव्हा नक्की माहीत नव्हतं. सहा फेब्रुवारीपर्यंत मी दोन टिपणं तयार केली होती. एकात वर्षभराच्या मोजणीचा प्रस्ताव होता, मसुद्यावर सही करून. दुसरं साडेचार ओळींचं होतं. दोन्ही एकाच फाईलमध्ये घेऊन मी बैठकीला गेले.

खोलीत दहा-अकरा माणसं होती. कारखान्याचे प्रतिनिधी माझ्या समोर बसले होते. चांगले, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पडद्यावर माझाच आलेख दाखवला, पायरीसकट. ते म्हणाले, की या प्रयोगशाळेने इतकी वर्षं खंड न पडू देता केलेलं काम हा आमच्यासाठी आरसा आहे. अध्यक्षांनी मान हलवली.

"मॅडमच्या आकड्यांबद्दल प्रश्नच नाही," अध्यक्ष म्हणाले. "मग घट कायम आहे असं धरू. मॅडम, सही तेवढी राहिली आहे."

कुणीतरी मसुदा माझ्याकडे सरकवला. वर पेन ठेवलेलं होतं. मी फाईल उघडली. दोन्ही टिपणं समोर होती आणि क्षणभर मला दोन्ही बरोबर वाटली. मागच्या खुर्चीवर देवयानी बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. पडद्यावरचा आलेख मे २०१८पाशी खाली उतरत होता आणि पुढे सरळ, शांत रेषेत जात होता, एकाही गुरुवाराशिवाय.

"मॅडम?" अध्यक्ष म्हणाले. "काही अडचण?"

"मला सही करता येणार नाही," मी म्हणाले. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला, म्हणून मी पुन्हा सुरुवात केली. "मे २०१८पासूनचे आमचे सगळे नमुने मंगळवारचे आहेत. मंगळवारी कारखान्याला सुट्टी असते. वार मी बदलला होता, माझ्या घरच्या कामासाठी, आणि तो परत करायचा राहिला. विसर्ग किती घटला, घटला की नाही, हे मला माहीत नाही. दोन हजार वीसचा माझा अहवाल मी मागे घेत आहे, आणि किशनबागला नळ आधी द्या, मोजणी नंतर होईल."